सात दिवस शांत

म्हातारीचे डोळे केव्हाच कामातून गेले होते, पण कान? पलीकडच्या घरात कोणी जांभई दिली तरी हिला कळायचं, अन् वर टोमणाही तयार असायचा. सगळी वस्ती तिला कानआजी म्हणायची आणि तिच्या शब्दाशिवाय जंगलात पाऊल टाकत नसे.

त्याला कारणही तसंच होतं. तिथल्या झाडांची फळं नारळाएवढी, लाकडासारखी टणक, आणि पडायची शंभर हात उंचावरून. आतल्या बिया विकून सगळ्यांची पोटं चालत. पाऊसकाळात फळं धपाधप पडत. मग सलग सात दिवस एकही धप्प ऐकू आलं नाही, की कानआजी दारातूनच सांगायची, "जा रे, झाडं रिकामी झाली."

यंदा पाऊस फिरकलाच नाही. नदी इतकी आटली, की बिया नेणारी बोट आता एकदाच येणार होती. तिचा मुलगा रोज विचारायचा, "आई, झाले का सात?"

"घाई कसली मेल्या? लग्नाला निघालायस?"

तिने एकेक दिवस मोजला. घरात भांडंसुद्धा वाजू दिलं नाही. सात पुरे झाले तेव्हा म्हणाली, "जा."

दुपारी चौघांनी त्याचं प्रेत उचलून आणलं. फळ डोक्यातच पडलं होतं. झाडं रिकामी नव्हतीच; पावसाअभावी फळं वेळेवर पिकलीच नव्हती, ती वर तशीच लटकत होती.

तिला कोणी बोल लावला नाही. तेच तिला जास्त लागलं. "अरे, एक तरी शिवी द्या मला!" ती ओरडायची, अन् माणसं मुकाट्याने उठून जायची.

आठवड्याने सून टोपली घेऊन समोर उभी राहिली. "आई, बोट परवा येतेय. पोरांना काय खायला घालू? जाऊ का मी?"

गेले तीन दिवस एकही धप्प ऐकू आलं नव्हतं. पण त्या शांततेवर म्हातारीचा आता काडीचा विश्वास नव्हता. मग ती भिंतीला धरून उठली.

"तू पोरांपाशी थांब. मी जाते."

"अहो, तुम्हाला दिसत नाही!"

"चाचपून गोळा करीन."

सून टोपली सोडेना. म्हातारीने ती हिसकून घेतली, डोक्यावर पालथी धरली. वेताच्या टोपलीने काय अडणार होतं? पण धरली, आणि पायवाट चाचपत चालू लागली.