टेलरच्या पोपटाची शिट्टी

हेडबाईंना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना स्वतःला ते फारसं पटलेलं नव्हतं. जिन्यात चप्पल फरफटत जाणाऱ्याला त्या अजूनही थांबवून नीट पाऊल उचलायला लावत. अशा बाईंच्या स्वयंपाकघरासमोरच्या खिडकीत टेलरने पोपटाचा पिंजरा टांगला, तेव्हाच इमारतीतल्या शहाण्यांनी पुढचं ओळखलं होतं. पोपट टेलरच्या मशीनबरोबर खडखडायचा आणि मशीन थांबलं की त्याला खरा कंठ फुटायचा. बाईंनी तक्रारी करून सोसायटीच्या सेक्रेटरीला सळो की पळो करून सोडलं.

पण हल्ली बाई जरा नरमल्या होत्या. त्यांच्या हातचे वाटाणे कच्चे राहू लागले होते. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या आणि गॅस बंद करायचा, यात त्या उभ्या जन्मात चुकल्या नव्हत्या. मुलगा बिचारा मुकाट्याने चावत राही. सून मात्र फार गोड आवाजात म्हणाली, "आई, कुकरचं मी बघते. तुम्ही आता आराम करा."

त्या गोडव्याने बाई धास्तावल्या. त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी स्वयंपाक चुकायला लागला, मग नावं, आणि शेवटी माणसं.

एका सकाळी त्या ओटा पुसत असताना शिट्टी झाली. कुकर तर घासून पालथा घातलेला होता. दुसरी शिट्टी झाली तेव्हा बाईंनी खिडकीतून पाहिलं. पोपट मान तिरकी करून अगदी मन लावून शिट्टी मारत होता. बाईंना इतका आनंद झाला की सुनेला दंडाला धरून त्यांनी तिसरी शिट्टी ऐकवली. मग तशाच तरातरा टेलरकडे गेल्या आणि त्याची यथेच्छ हजेरी घेतली. टेलर भला माणूस. तोंडातल्या टाचण्या काढून त्याने माफी मागितली आणि पोपट बहिणीकडे नेऊन ठेवला.

बाई पुन्हा ताठ मानेने कुकर लावू लागल्या. आठवडाही गेला नसेल, जेवताना मुलाच्या दाताखाली वाटाणा कट्कन वाजला.

"तो मेला पोपट परत आलाय वाटतं," सून ताटात बघत म्हणाली.

समोरच्या खिडकीत रिकामा हूक दिसत होता. पोरांची खोटी कारणं पकडण्यात बाईंचा जन्म गेला होता, पण हे कारण त्यांनी चालू दिलं. ताटातले वाटाणे मात्र त्यांनी बाजूला सारले.

संध्याकाळी त्या टेलरकडे गेल्या आणि पोपट परत आणा म्हणाल्या. टेलर गोंधळला. तुम्हीच तर घालवलात, आणि तो पुन्हा शिट्ट्या मारणार त्याचं काय, असं त्याने चाचरत विचारलं.

बाई कापडांचा ढीग सरकवून स्टुलावर बसल्या.

"मारू दे. मला भीती वाटते हो, टेलर. घरात चुकणारी मी एकटीच उरलेय."

टेलरने मशीन थांबवलं. उद्याच आणतो म्हणाला.

"आणि पिंजरा जरा आमच्या बाजूला सरकवून टांगा," दारातून वळून बाई म्हणाल्या. "सुनेला नीट ऐकू गेला पाहिजे."