वरच्यांना खाली आणा

सकाळी पावणेदहाला लिफ्टमन स्टुलावर जरा टेकला, तोच सातव्या मजल्याचे साहेब आत शिरले आणि तो धडपडत उठला. आत कुणीही आलं की उठायचं, शेवटचा माणूस उतरेपर्यंत बसायचं नाही, असा त्या कचेरीचा नियम होता. त्यापायी त्याचे गुडघे पार कामातून गेले होते.

"सात," साहेब म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी त्याच्याशी दुसरा शब्द काढला नव्हता.

पण त्याला सर्वांत जास्त सलायची ती तिसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली कारकून. ती लिफ्टकडे फिरकायचीच नाही. मान खाली घालून रोज जिना चढायची. माझ्याशेजारी उभं राहणंसुद्धा नको हिला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

निवडणूक आली. नव्या पक्षाची घोषणा होती, 'वरच्यांना खाली आणा!' ती ऐकून लिफ्टमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अहो, पण ते खाली आल्यावर वर कोण जाणार?" बायकोने भांडी विसळता विसळता विचारलं.

"आपण!"

"तुम्ही तर रोजच जाता की. आणि लगेच खाली येता."

"तुला चेष्टा सुचतेय. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला 'बसा काका' म्हणालं!"

ते खरंच होतं. पक्षाच्या कचेरीत पोरांनी त्याला खुर्ची दिली होती, पंखा त्याच्याकडे वळवला होता. मग विचारलं होतं, "काका, तुमच्याकडे सगळ्यात माजलेलं कोण?"

साहेबांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या कानावर गेलं तर नोकरीवर गदा येणार. त्याने चष्मेवालीचं नाव सांगितलं, लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही म्हणाला.

पक्ष दणक्यात जिंकला. आठवड्याच्या आत पोरं लिफ्टमनच्या कचेरीत घुसली आणि चष्मेवालीला दंडाला धरून जिन्यावरून ओढत आवारात घेऊन आली. चष्मा वाटेतच फुटला. तिथे उभारलेल्या मंचावर पुढारी होता आणि त्याच्या शेजारी, गळ्यात पक्षाचा पट्टा घालून, सातव्या मजल्याचे साहेब. त्यांनीच माइकवरून तिला बडतर्फ केल्याचं जाहीर केलं.

"लिफ्टने का येत नव्हतीस गं?" एक पोरगा तिच्या अंगावर खेकसला. "आमच्या काकांची किळस येत होती?"

"गुडघे दुखतात हो त्यांचे," ती रडत म्हणाली. "मी आत गेले की त्यांना उठावं लागतं."

लिफ्टमनच्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात पोरांनी त्याला मंचावर चढवून माइकसमोर उभं केलं.

"बोला काका!"

"या बाईंनी माझा कधीच अपमान केला नाही. मी घाबरून भलतंच नाव..."

साहेबांनी नुसती भुवई उंचावली. कुणीतरी माइकची वायर उपसली. तो साहेबांकडे बोट दाखवून ओरडत राहिला, मग गर्दीपुढे हात जोडू लागला. मागच्यांना वाटलं, काका बाईला झाडताहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या गर्दीत दुष्ट माणूस शोधूनही सापडला नसता. प्रत्येकाला कुणीतरी, कुठेतरी, वर्षानुवर्षं उभं ठेवलं होतं. तो जितका विनवत होता, तितक्या टाळ्या वाढत गेल्या.