हॉलच्या दारात मांडलेली डोणी

मी सांगते ते तुम्हाला खरं वाटणार नाही, मित्रांनो. मी एक जुनी लाकडी डोणी आहे, भरीत ठेचायची. बाभळीच्या खोडातून मला कोरताना तीन सुतारांची हत्यारं बोथट झाली आणि चौथा तर गावच सोडून गेला!

नशिराबादला लोटनभाऊंच्या घरी माझं आयुष्य गेलं. गल्लीत आनंदाची बातमी आली की शेतात काड्यांचा जाळ व्हायचा. जो तो आपली हिरवी वांगी आणायचा, भाजायचा, माझ्यात मुसळाचे चार ठोके घालायचा. पाहुणा म्हणून कुणी बसायचंच नाही. शेजारच्या भिकुबाईंचा ठोका पडला की जळगावात लोक भूकंप झाला म्हणून घराबाहेर पळत.

यंदा लोटनभाऊंची लेक दिपमाला नर्स झाली. भिकुबाईंच्याच मांडीवर वाढलेली पोर! पण पार्टी ठेवली पिंप्राळ्याच्या हॉलमध्ये. मला पॉलिश करून दारात मांडलं. पोटात प्लॅस्टिकची फुलं. लाकडालाही लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं.

भिकुबाई आल्या त्या वांग्यांची पिशवी घेऊनच. बॅनरवरच्या इंग्रजी अक्षरांकडे पाहून म्हणाल्या, "काय लिहेल आहे वं, दिपू?"

"सेलिब्रेशन, अक्का. म्हणजे सगळ्यांनी मिळून आनंद करायचा."

"मंग मी काय करू?"

"काहीच नाही. खुर्चीवर बसा, वेटर आणून देईल."

लोटनभाऊ हसले. "अक्का, वांगे कशाले आणले? आपण काय वावरात आहे का?"

लोकही हसले. भिकुबाईंनी पिशवी पदराआड घेतली आणि गुपचूप पायऱ्या उतरल्या. दिपमालाची मान वर होईना.

मग मी काय केलं? फुलं थुंकली, गडगडत पायऱ्या उतरले, हायवे ओलांडला आणि भिकुबाईंच्या पुढ्यात आडवी झाले! त्या माघारी फिरल्या. हॉलमागे जाळ पेटला, वेटरांनीसुद्धा ठोके घातले, दिपमालाने पहिला घास अक्कांना भरवला. त्या इंग्रजी शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा तर असा करावा! म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या वस्तू शोभेला मांडू नका, हाताशी घ्या. माणसांनाही. खोटं वाटत असेल तर समोरच्या ओट्यावर मिरच्या निवडत बसलेल्या भिकुबाईंनाच विचारा.

"कशाले खोटं बोलते वं?" भिकुबाई मान न उचलता म्हणाल्या. "मी माघारी आलीच नाही. घरी जाऊन एकटीनं भरीत केलं. घशाखाली उतरलं नाही."