बुजरीची जागा

बुजरी म्हणजे गौराबाईची मांजर. भित्री तरी किती? चुलीपाशी उलथनं पडलं की कणगीमागं दडायची, ती भाकरी होऊन तवा उतरला तरी बाहेर यायची न्हाई. असली मांजर जिंतूरहून गंगाखेडला न्यायची, परभणीपर्यंत मोटारीनं आन् पुढं रेल्वेनं, हे ऐकून घरातले सगळे हसले. हसू द्या. हसणाऱ्यांना गौराबाईनं कधी भीक घातली न्हाई.

झालं असं, की पुतणीच्या लग्नात नवरदेव दारात आला आन् वाजंत्र्यांच्या आवाजानं बिथरून बुजरी त्याला आडवी गेली. दीर बसवंतराव लालबुंद झाला. पोत्यात घालून नदीपल्याड सोडतो हिला, म्हणाला. विधवा भावजयीला तर त्यानं त्या दिवशी सैपाकघराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. आन् ती पुतणी लहानाची मोठी कुणी केली? गौराबाईनंच. दुसऱ्याच दिवशी तिनं गंगाखेडच्या बहिणीला, चन्नबसम्माला, कार्ड टाकलं, की मी कायमची येते, मांजरीसकट येते. बसवंतराव म्हणाला, खुशाल जा, मांजर ओरडायला लागली की दिवस मावळायच्या आत माघारी येशील. हे तिला लय झोंबलं. आता जीव गेला तरी माघारी यायचं न्हाई, तिनं ठरवून टाकलं.

आठ दिवस तिनं झाकणाची करंडी चुलीपाशी ठेवली, आत आपलं जुनं लुगडं अंथरलं. बुजरी आपणहून त्यात झोपायला लागली. निघायच्या सकाळी तिला दूध दिलं न्हाई, पोटात ढवळतं म्हणून. दोन घोट पाणी पाजलं आन् झाकण बांधलं.

हैदराबादचं राज्य जाऊन मुंबईचं आलं होतं, पण मोटार तीच, खुळखुळ्यागत वाजणारी. कंडक्टर चंद्रभाननं करंडी टपावर टाकायचा हुकूम सोडला. टपावरच्या उन्हावाऱ्यात बुजरीनं झरी गाव यायच्या आतच प्राण सोडला असता. गौराबाई करंडी कवटाळून दारात उभी राहिली, ती हटेना. शेवटी त्यानं तिला अगदी मागं, चाकावरच्या बाकड्यावर बसवलं. तिथं खड्डा आला की धडधाकट माणूस वीतभर उडतो. बुजरी थरथरायला लागली, लाळ गाळायला लागली. गौराबाईनं झाकणाखालून हात घालून तिच्या मानेवर ठेवला, तो काढलाच न्हाई. ड्रायव्हरजवळची जागा रिकामी होती, तिथं हादरे कमी. पण विधवेला गाडीच्या तोंडाशी कोण बसवतंय?

बोरी गाव मागं पडलं आन् रस्त्यातून एक काळी मांजर आडवी गेली. ड्रायव्हर सटवाजीनं करकचून ब्रेक दाबला. आता दुसऱ्या कुणीतरी आधी तिथून पार व्हावं, मग आपण निघावं, ही रीत. पण रस्त्याला ना बैलगाडी ना सायकल. अर्धा तास गेला. परभणीची रेल्वे चुकणार म्हणून लोक चुळबुळायला लागले, पण उतरून चार पावलं टाकायला कुणी तयार व्हायना. गाडीत मिशावाले होते, फेटेवाले होते, कज्जे लढणारा एक वकील होता. सगळ्यांचे पाय बाकड्याला चिकटलेले, काय म्हणावं असल्या गड्यांना! मग एकजण बोलला, की गाडीत मांजर घेतली तिथंच चुकलं. सगळ्यांना ते पटलं. चंद्रभान मागं आला आन् म्हणाला, करंडी इथं बांधावर सोडा, न्हाईतर बाई, तुमीबी उतरा.

गौराबाई उतरली. करंडी छातीशी होती. लोकांना वाटलं, बाई आता जिंतूरची वाट धरणार.

ती पुढं चालली. मांजर जिथून गेली होती तिथून, रिकामं कपाळ वर करून, सरळ पार झाली. आणखी दहा पावलं टाकून रस्त्याच्या मधोमध वळून उभी राहिली.

सटवाजीनं गाडी चालू केली आन् तिच्याजवळ आणून थांबवली. चंद्रभान दार उघडून म्हणाला, चला मावशी, बसा मागं लवकर. एवढ्यात मावशी झाली होती ती!

गौराबाई जागची हलली न्हाई. इतक्या वर्षांचा राग तिच्या तोंडाशी आला होता.

"आमी दोघी आडव्या गेलो की तुमचं वाटोळं होतं म्हणता. मंग आत्ता कुणाच्या पायानं रस्ता मोकळा झाला?"

वकील खिडकीबाहेर बघायला लागला. सटवाजीनं आपल्या शेजारच्या जागेवरचं फडकं उचललं आन् ती झटकून दिली. गौराबाई पुढं बसली, करंडी मांडीवर घेतली.

"हळू हाक रे बाबा. माझी मांजर भित्री हाय," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पण उतरायची पाळी आली तवा तीच उतरली."

परभणीपर्यंत सटवाजीनं गाडी हळूच हाकली.