शून्य कुठे मानायचे

“सोयीनुसार? कोणाच्या सोयीनुसार?”

बाबांनी विजेचं पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘शून्य विभव कोणत्या बिंदूला मानायचे हे सोयीनुसार ठरवता येते.’ मग त्यांनी पुस्तक उलटं करून प्रकाशकाचा पत्ता पाहिला. उद्या चौकशीला जायचं असल्यासारखा.

“बाबा, त्याचा अर्थ असा की—”

“थांब. बत्तीस वर्षं वायरमन आहे मी. शून्य म्हणजे शून्य. हे सोयीचं शून्य आमच्या स्टोअरकीपरकडे असतं. वहीत बल्ब पन्नास, कपाटात शून्य.”

बाबा हॉस्पिटलात वायरमन होते. तिथे एक नवीन इंजिनियर आला होता आणि आल्या आल्या त्याने फतवा काढला होता की, पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक वायरमनने विजेच्या मूलतत्त्वांची लेखी परीक्षा द्यायची. जो नापास होईल त्याच्याकडून मीटर काढून घ्यायचा आणि त्याला शिट्टी द्यायची. शिट्टी पार्किंगमध्ये वाजवायची होती. परीक्षा मंगळवारी होती आणि आज रविवार होता.

“मला काढायचा डाव आहे,” बाबा म्हणायचे. खरं सांगायचं तर बाबांच्या मते सगळाच डाव होता. दूध, औषधाच्या बाटलीवरची तारीख, आईची धाकटी बहीण. लिफ्टमध्ये ‘आठ माणसे’ लिहिलेलं असलं तर ते पाचवा माणूस आत शिरताच बाहेर पडायचे आणि उरलेल्यांकडे अखेरचं बघितल्यासारखं बघायचे.

मी फिजिक्स घेऊन शिकत होते. विजेच्याच पेपरात एकदा नापास झाल्यामुळे तो पेपर मी दोनदा दिला होता. घरातली तज्ज्ञ मीच.

“बाबा, आपण चौथ्या मजल्यावर राहतो. मी या खुर्चीवर उभी राहिले आणि पडले, तर किती लागेल?”

“खुर्चीएवढं.”

“चौथ्या मजल्याएवढं का नाही?”

“कारण मध्ये फरशी आहे. फरशीवरच पडणार ना तू.”

“आणि खिडकीतून पडले तर?”

“कोणी कुठूनही पडायचं नाहीये,” आई आतून म्हणाली.

“म्हणजे उंची तीच, पण लागणं वेगळं. कुठून पडले एवढ्यावर भागत नाही, कुठे पडले तेही सांगावं लागतं. व्होल्टेज तसंच. एकट्या जागेला व्होल्टेज नसतं. दोन जागा लागतात. त्यांच्यातला फरक म्हणजे विभवांतर.”

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. तिघांपैकी कोणीच त्यांना भरवशाचं वाटलं नाही.

“बूट घाल,” ते म्हणाले.

“कुठे जायचंय?”

“तुला शून्य दाखवतो. पुस्तकातलं नाही. खरं.”

---

हॉस्पिटलची लाँड्री तळघरात होती. जेवणाची सुट्टी असल्यामुळे तिथे कोणी नव्हतं, नुसता साबणाचा वास आणि फरशीवर बोटभर पाणी. मधोमध कपडे धुण्याचं मोठं मशीन उभं होतं. चादरी तासाभरात धुऊन देणारं आणि त्या तासात एखाद्या विमानाएवढा आवाज करणारं.

या मशीनबद्दल घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण मशीनपेक्षा मावशी प्रसिद्ध होत्या. लाँड्रीतल्या मावशी. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा तक्रार वहीत लिहिलं, ‘मशीन चावते.’ बाबांनी जाऊन मीटर लावला आणि खाली लिहिलं, ‘तपासले. शून्य व्होल्ट. मशीन निर्दोष.’ पुढच्या महिन्यात पुन्हा ‘मशीन चावते’, पुन्हा ‘शून्य’. असं चार वर्षांत एकतीस वेळा झालं. लाँड्रीत आणखी तीन बायका होत्या. त्यांना मशीन कधीच चावलं नाही. चौघींतून एकीलाच निवडून चावणारं मशीन म्हटल्यावर लोक मशीनवर संशय घेत नाहीत. एकतिसाव्या वेळी बाबांनी उत्तराखाली एक ओळ वाढवली होती, ‘सूचना: यापुढे तक्रारदार तपासावी.’

हॉस्पिटलच असल्यामुळे ती सूचना लगेच अमलात आली. डॉक्टरांनी मावशींना तपासलं, ‘मानसिक ताण’ लिहिलं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. ऑफिसने ‘कामचुकार’ लिहिलं आणि जिने पुसायला पाठवलं. त्याला आता सात वर्षं झाली होती. बाबा ही गोष्ट जेवताना रंगवून सांगायचे. आम्ही हसायचो. मी जास्त हसायचे.

“बघ,” म्हणत बाबांनी मीटरची एक पिन मशीनच्या पत्र्याला लावली आणि दुसरी भिंतीतून येणाऱ्या लोखंडी पाण्याच्या पाइपला. काटा हलला नाही. “शून्य. कोणाच्या सोयीचं आहे सांग.”

“पाइपचं किती?”

“पाइपचं काय? पाइप जमिनीत जातो. मशीनची अर्थिंगची तारसुद्धा पाइपलाच बांधलीय. पाइप म्हणजे जमीनच.”

“जातो म्हणजे... तुम्ही पाहिलंय?”

हा प्रश्न मी सहज विचारला. पण जगात कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने बत्तीस वर्षांत एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता आणि ती गोष्ट म्हणजे एक पाइप होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

“बाबा, तुम्ही आणि एक पेशंट लिफ्टमध्ये आहात. लिफ्ट सातव्या मजल्यावर गेली. तुम्ही त्याच्यापेक्षा किती वर?”

“शून्य.” मग हळूच, “दोघंही वर गेलेत.”

“मशीन आणि पाइप एकाच लिफ्टमध्ये असतील तर?”

त्यांनी लांब तारेचं भेंडोळं काढलं, खिडकीबाहेरच्या गटाराशेजारी ओल्या मातीत स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत खुपसला आणि तार त्याला बांधून आत आणली. एक पिन तारेला, एक मशीनला.

बेचाळीस व्होल्ट.

बाबांनी मीटरची बॅटरी बदलली. बेचाळीस. त्यांनी वर जाऊन दुसरा मीटर आणला. त्रेचाळीस. मग मशीन सोडून पाइपला पिन लावली. त्रेचाळीस.

“तू कशाला हात लावलास का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही.”

“बाहेरची पाण्याची लाइन बदलली होती,” बाबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “लोखंडी काढून प्लास्टिकची टाकली. मीच उभा होतो तिथे, खणताना वायर तुटू नये म्हणून. अकरा वर्षं झाली.”

प्लास्टिकमधून वीज जमिनीत जात नाही, हे त्यांना शिकवायला पुस्तकाची गरज नव्हती. मशीनमधली विजेची गळती पाइपवर चढत होती आणि पाइपला उतरायला जागाच नव्हती.

“पण मग बाकीच्या तिघींना कसं...” मी विचारलं.

बाबांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे गमबुटांचे जोड रांगेत होते. सगळे आठ नंबरचे, कारण ऑफिसने सगळे आठ नंबरचे मागवले होते. मावशींचा पाय चार नंबरचा. त्या बुटात चालता येईना म्हणून त्या अनवाणी काम करायच्या. बाबांचे बूट तर रबरी तळाचे होतेच. तेच घालून त्यांनी एकतीस वेळा मशीनवर तळहात आपटून दाखवला होता, “बघा, कुठे चावतंय?”

ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

“बाबा, नको. आकडा आलाय ना मीटरवर.”

“मीटरवर शून्यही आलं होतं.”

त्यांनी मोजे बुटांत कोंबले, पाण्यात उभे राहिले आणि बोटांची मागची बाजू पत्र्याला टेकवली. हात झटक्याने मागे आला. त्यांनी तो दुसऱ्या हातात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

“चावतं,” ते म्हणाले.

मग मशीनचा मेन स्विच पाडून त्यांनी त्यावर ‘चालू करू नये’ अशी पाटी लावली.

मी म्हटलं ते आता सांगायला बरं वाटत नाही, पण म्हटलं होतं. “अर्ध्या तासात नवीन अर्थिंग होईल, बाबा. कोणाला कळायचंही नाही. वहीचं काय ते परवा परीक्षा झाल्यावर बघा. त्या इंजिनियरने आत्ता पाहिलं तर तुम्ही पेपरात काहीही लिहा, शिट्टीच मिळणार.”

बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखत होते. आजवर ती दूधवाल्यासाठी राखून ठेवलेली होती.

---

मावशी दुसऱ्या जिन्यावर होत्या. वरून खाली एकेक पायरी पुसत येत होत्या. बाबा खालच्या पायरीवर उभे राहिले, काखेत तक्रार वही.

“मावशी, मशीन चावतं.”

मावशींनी मान वर केली नाही. “कोणतं?”

“लाँड्रीतलं.”

“कोणाला चावलं?”

“मला.”

मावशींनी फडकं पिळलं. बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “डॉक्टरांना दाखवा. गोळ्या देतात. लाल असतात. पोटात जळजळतं, पण सवय होते.”

“मावशी, मी चुकीचं मोजत होतो.”

“एकतीस वेळा?”

बाबांना वाटत होतं तो आकडा फक्त त्यांनाच पाठ आहे.

“हो.”

“आता माझ्याकडून काय पाहिजे? माफीबिफी मागायला आला असाल तर मला तीन मजले पुसायचेत.”

“वहीत लिहितो. तुमच्यासमोर.”

मावशी कठड्याला टेकल्या. बाबांनी पायरीवर बसून लिहिलं आणि वही पुढे केली. मावशींनी ती हातभर लांब धरून एकेक शब्द ओठांनी वाचला.

“‘मोजणीत त्रुटी असल्याचे दिसून आले.’ कोणाला दिसून आलं?”

“मला.”

“मग तसं लिहा ना. आणि त्रुटी कोणाची? मशीनची का?”

बाबांनी ओळ खोडून दुसरी लिहिली. मावशींनी तीही परत केली. त्यात ‘मावशी’ होतं, त्यांचं पूर्ण नाव नव्हतं. बाबांना ते माहीत नव्हतं. मावशींनी सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा बाबांनी आडनाव चुकवलं. तिसऱ्या वेळी वहीत लिहिलं गेलं ते असं की, मशीनला गळती होती, ती मी चुकीच्या जागेच्या मानाने मोजली, तक्रारदार बाई पहिल्या दिवसापासून खरं सांगत होत्या, आणि तपासायला हवं होतं ते मला.

“सही,” मावशी म्हणाल्या. “तारीख. वेळ घाला.”

वेळही घातली. मावशींनी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

“आता सरका. पायरी ओली आहे.”

---

मंगळवारी बाबांनी परीक्षा दिली. चाळीसपैकी छत्तीस. विभवांतरावरचा प्रश्न त्यांनी इतका सोडवला की पुरवणी मागावी लागली. इंजिनियरने पेपर पाहिला, मग वही पाहिली, आणि दोन्ही वाचून झाल्यावर तो म्हणाला, “तुम्हाला आता विषय उत्तम कळलाय. म्हणूनच तुम्हाला कळेल, मला तुमच्याकडून मीटर का काढून घ्यावा लागतोय.” बाबांना तो डाव वाटला नाही. म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

लाँड्रीत नवीन अर्थिंग झालं. मावशींना परत या म्हणाले. मावशी म्हणाल्या, आधी चार नंबरचे बूट आणा. बुटांचा प्रस्ताव अजून फिरतोय.

तीन-चार महिन्यांनी मी बाबांना डबा द्यायला पार्किंगमध्ये गेले, तर मावशी तिथे उभ्या होत्या. बाबा एक गाडी मागे घ्यायला लावत होते. ती ठीक जागी लागेपर्यंत मावशी थांबल्या.

“घरचा पंखा फिरत नाही. याल का?”

“मी आता वायरमन नाही, मावशी.”

“माहितेय मला. दुसरा कोणी ओळखीचा नाही.”

ड्यूटी संपल्यावर आम्ही गेलो. एकच खोली होती, कडेला खाट आणि वर तो पंखा. स्टूल होतं, लोखंडी. मेन स्विच बाहेर होता, बोळाच्या टोकाला सगळ्या खोल्यांचे एकत्र.

“मेन मी बंद करणार,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही बंद केलाय म्हणालात तर माझा विश्वास बसायचा नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले.

मावशी बाहेर गेल्या. बोळात त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला आणि थांबला. वायरमन लोकांत एक नियम आहे, बाबांनी तो मला चालायला शिकवण्याआधी शिकवला असेल. दुसऱ्याने बंद केलेला स्विच चालूच समजायचा. स्वतः तपासल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, सांगणारा सख्खा भाऊ का असेना.

बाबा अनवाणी स्टुलावर चढले आणि तारा झाकणारी पंख्याची वाटी खाली ओढली. मी पिशवीतून टेस्टर काढून वर धरला.

“बंद केलं!” बाहेरून मावशींचा आवाज आला.

बाबांनी टेस्टरकडे पाहिलं. घेतला नाही.

“ऐकू आलं का? बंद आहे म्हटलं!”

“ऐकलं, मावशी,” बाबा म्हणाले, आणि दोन्ही तारा हातात घेतल्या.