पुढची चादर

मास्तरीणबाईंचा वर्ग म्हणजे एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्याला लागून असलेली खोली. मध्ये काचेची भिंत. त्या तिथे नेमकं काय शिकवतात, हे नातेवाइकांना सांगता सांगता त्यांच्या नाकी नऊ यायचे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, एखादी गोष्ट चटकन उमगत नाही, अशांना कामाला लावायचं, कामावर हात बसेपर्यंत शेजारी उभं राहायचं आणि मग बाजूला व्हायचं. हे ज्यांनी करायचं, त्यांना तयार करणारा हा वर्ग. लोक म्हणायचे, त्यात शिकायचंय काय एवढं? बाई म्हणायच्या, बाजूला होणं. तेच तर मेलं कुणाला जमत नाही.

वर्ग चालायचा सरकारी अनुदानावर आणि त्याची मुदत संपत आली होती. दुसऱ्या शिक्षिकेला आधीच घरी बसवलं होतं. तुकडीतल्या मुली विचारायच्या, वर्ग पुढे चालणार ना? बाई म्हणायच्या, न चालायला काय झालं, आणि घरी जाऊन छताकडे बघत पडायच्या. आज तपासनीस बाई येणार होत्या. अट एकच. वर्गाने शिकवलेला एक माणूस कुणाच्याही मदतीशिवाय काम करताना दाखवा. आणि जिला दाखवायचं ती पॅकिंगचं काम शिकलेली मुलगी नेमकी सकाळी तापाने फणफणलेली. दुष्काळात तेरावा महिना! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मग काचेपलीकडे त्यांना सोन्या दिसला. सोन्या म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. केस पिकायला लागले तरी सोन्याच, कारण समज लहान मुलाएवढीच राहिलेली. आई गेल्यापासून त्याचं सगळं बाईच बघत. त्याला हे काम त्यांनी स्वतः शिकवलेलं. दिवसभर चादरींच्या घड्या घालायचा, आणि काय त्या घड्या! कोपऱ्याला कोपरा, सुरकुती औषधालाही नाही. बाई शिकवता शिकवता एक डोळा त्याच्यावर ठेवत. त्या रजेवर असल्या की तोही घरीच. याहून चांगला माणूस दाखवायला मिळणार होता कुठे?

तपासनीस बाई आल्या, चहा नको म्हणाल्या आणि सगळ्यांना बाहेरच्या बोळात थांबायला सांगून एकट्याच धुलाईखान्यात गेल्या. काचेकडे पाठ करून बसल्या. बाई दाराच्या फटीतून बघत होत्या. सोन्याने पहिल्या चादरीची घडी केली, वर पाहिलं. काचेपलीकडे वर्ग रिकामा. तो थांबला. पुढची चादर हातात, आणि नजर त्या रिकाम्या खोलीवर खिळलेली.

अरे, घाल की घडी, बाई मनातल्या मनात विनवत होत्या. सोन्या हलेना. त्यांचा जीव कासावीस झाला. राहवलंच नाही, मागच्या दाराने त्या वर्गात शिरल्या आणि आपल्या रोजच्या जागी उभ्या राहिल्या. सोन्याचा चेहरा खुलला. चादर चटकन दुमडली गेली. मग तिसरी, मग चौथी. हुश्श! वाचलो, असं त्यांना वाटतंय तोच मागोमाग आत आलेल्या मुलींपैकी एक हलकेच म्हणाली,

"बाई, तुम्ही मान हलवताय."

बाईंचा हात मानेकडे गेला. खरंच हलत होती की! प्रत्येक घडीनंतर तो वर बघायचा आणि यांची मान आपोआप खाली जायची. इतकी वर्षं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! घरी आंघोळीनंतर, जेवताना, दिवा मालवताना तो असाच बघतो, हेही त्यांना आत्ताच उमगलं.

तपासनीस बाईंची अजून पाठच होती. आणखी थोडा वेळ मान हलवली असती तर अनुदान पदरात पडलं असतं. बाईंना ते हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. पण मागे मुली उभ्या होत्या, आणि त्या बघत होत्या. बाईंनी दोन्ही हातांनी मान घट्ट धरली.

सोन्या वाट बघत राहिला. मग चादर घेऊन तपासनीस बाईंसमोर गेला आणि म्हणाला,

"ताई हलवत नाहीये. तुम्ही हलवा ना मान."

तपासनीस बाईंनी वळून काचेकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, जे दिसलं तेच मला वर सांगावं लागेल. बाईंनी काही रदबदली केली नाही. तपासनीस बाई निघता निघता थांबल्या.

"तुमच्यामागे याचं कोण बघणार?"

"म्हणून तर मागत होते अनुदान," बाई म्हणाल्या. "मला नाही जमत बाजूला व्हायला. ज्यांना जमेल अशी माणसं तयार करून ठेवायची होती."

तपासनीस बाई गेल्या.

मुलीही एकेक करून पिशव्या उचलून गेल्या. बाई धुलाईखान्यात शिरल्या, सोन्याजवळ उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे पाठ केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"ताई?" मागून आवाज आला.

त्या वळल्या नाहीत. कान मात्र टवकारलेले होते. चादर झटकल्याचा आवाज काही येत नव्हता.