बोटभर खोल खाच

मित्रांनो, लुग्राला माझ्याकडून हवं होतं ते फक्त एक बोट. बोटभर लाकूड खरवडलं की पडीच्या दिवसांतही त्याच्या खाचरांत पाणी. पाणी म्हणजे गावाच्या आधी एक जास्तीचं पीक. आणि पीक म्हणजे वयात आलेल्या थोरल्या लेकीचे दात आमच्या रीतीप्रमाणे कानशीने सारखे करायचा सोहळा, अख्खं डुक्कर भाजून, कुणापुढे हात न पसरता. बापाने एवढं मनात धरलं तर त्यात नवल नाही. खरवडायला मी आयता होतोच.

मी फणसाचा ओंडका. बालीच्या डोंगरउतारावर, पाटाच्या तोंडाशी मला आडवा बसवला आणि माझ्या अंगात दोन खाचा कोरल्या. डावी अरुंद, लुग्राच्या घराण्याची. उजवी रुंद, खालच्या साऱ्या गावाची. रुंदी ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे, पण खोली दोन्हींची सारखीच, चार बोटं. पाटाला पूर असो की करंगळीएवढी धार, मी कुणाला झुकतं माप दिलं नाही. भांडणं व्हायची तेव्हा म्हातारे म्हणायचे, "ओंडक्याला विचारा." ऐकून मला बरं वाटायचं.

आमच्या गावाचा आणखी एक नियम होता. कापणी झाली की सगळ्यांनी एकदम पड टाकायची. कुठेच दाणा नाही, हिरवं पान नाही, म्हणजे उंदीर उपासाने हटतात. दिवस ठरवायचा तो पेकासेहने, म्हणजे गावाच्या पाण्याच्या मुखियाने. तेव्हाचे पेकासेह होते दांगिनकाका. माणूस सज्जन, पण कुणाला वाईट बोलायचं म्हटलं की त्यांना खोकला यायचा.

लुग्राने माझं शेवाळ काढायचं काम आपणहून मागून घेतलं. रोज सकाळी कोयता घेऊन यायचा, भरदिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारत डाव्या खाचेचा तळ खरवडायचा. शेवाळ वाहून जायचं, त्याबरोबर माझा भुसाही. मग त्या खाचेच्या काठावर तो नैवेद्य मांडायचा. कोवळ्या झावळीची टोपली, फुलं, भाताची शितं, धुमसती उदबत्ती. उदबत्ती जळतेय तोवर देव जेवतोय, टोपलीला हात लावायचा नाही. ती विझायच्या बेताला लुग्राची बायको दुसरी टोपली घेऊन हजर.

"किती भाविक घर!" बाया म्हणायच्या.

पडीच्या दिवसांत पाट बारीक झाला. सारी धार खोल खाचेकडे वळली. गाव तपकिरी आणि मधोमध लुग्राची खाचरं हिरवीगार.

"लुग्रा, हे कसं रे?" दांगिनकाकांनी विचारलं.

"झरा फुटलाय, काका. देवाचं देणं. सोहळ्याला येताय ना? डुक्कर मोठं धरलंय."

काकांना खोकला आला. सोहळ्याला सगळं गाव जेवलं. ज्यांना झऱ्याची शंका होती, त्यांनी जरा जास्तच वाढून घेतलं.

पण उंदरांना आमंत्रण लागत नाही. सारा मुलूख उपाशी असताना ते लुग्राच्या खाचरांत राहिले, व्याले आणि गावाचं पीक लोंबीला आलं तेव्हा त्याच्या बांधावरून खाली उतरले. प्रत्येकाचं थोडं थोडं गेलं. पाटाच्या शेवटाला रेनिंगचा तुकडा होता. नवरा गेल्यावर ती एकटीच तो कसत होती. पाणी तिच्यापर्यंत उशिरा आलं, लावणी उशिरा, पीकही उशिरा. बाकी शिवार कापून झालं आणि सगळे उंदीर तिच्याकडे गेले. तिला बियाण्यापुरतंही भात उरलं नाही.

एका सकाळी तिने दांगिनकाकांना ओढतच माझ्यापाशी आणलं. लुग्रा नुकताच टोपली ठेवत होता.

"काका, खाच मोजा."

"अगं, नैवेद्य आहे. उदबत्ती संपू दे."

"ती संपतेय कुठे? वर्षभर बघतेय, या देवाचं जेवण काही उरकत नाही!"

"रेनिंग, तोंड सांभाळ," लुग्रा म्हणाला.

"तोंड सांभाळते. हात नाही सांभाळत."

तिने धुमसत्या उदबत्तीसकट टोपली उचलून बाजूच्या बांधावर ठेवली. उजव्या खाचेत हात आडवा घातला, चार बोटं बुडाली. डाव्या खाचेत घातला, अंगठाही आत गेला.

"बघा. हा लुग्रादादाचा झरा."

मला वाटलं, आता न्याय होणार. ठकठक लाकडी घंटा वाजली, सभा भरली. पण सभेत खाचेबद्दल कोण बोलणार? हिरवी खाचरं सगळ्यांनी पाहिली होती, डुकराचं मांसही सगळ्यांनी खाल्लं होतं. बोलायला सोपी होती ती टोपली. देवाच्या ताटाला हात लावला म्हणून रेनिंगने शुद्धीचा विधी करायचा ठरलं. बदकं, तांदूळ, कापड, सगळं तिचं. खाचेविषयी एवढंच ठरलं, की ओंडका जुना झाला, झिजला, आता सिमेंटचा बसवू.

"झिजला?" रेनिंग म्हणाली. "एकाच बाजूने?"

दांगिनकाका खोकत राहिले.

मित्रांनो, आता मी पाटावर साकव म्हणून पडून आहे. सिमेंटच्या नव्या खाचा बरोबर सारख्या आहेत, आणि डाव्या खाचेच्या काठावर पहिल्याच सकाळपासून उदबत्ती धुमसते आहे. तुमच्याही गावात सगळ्यांचं म्हणून काही असेल, विहीर, वाट, नाहीतर शाळेचं छप्पर. त्यावर फुलं खुशाल वाहा. पण उदबत्ती विझली की फुलं बाजूला करून एकदा हात घालून बघत जा. सगळ्यांनी बघा. एकट्यादुकट्यावर ते सोडू नका.

हिशोब असा झाला. लुग्राचा सोहळा पार पडला. दांगिनकाकांचा मान राहिला. गावाने ओंजळ-ओंजळ भात उंदरांना दिलं आणि डुकराच्या चवीत ते विसरूनही गेलं. रेनिंगची बदकं विधीला गेली. तिला उसनं द्यायला जास्तीचं बियाणं फक्त लुग्राकडे होतं, म्हणून तुकडा त्याच्याकडे वाट्याने गेला. ती खाली समुद्रकाठच्या हॉटेलात चादरी धुते. जाताना माझ्यावरूनच गेली, गाठोडं डोक्यावर घेऊन. तिच्या तुकड्याकडे जायला लुग्राही रोज माझ्यावरूनच जातो.